युद्धबंदी, तह, तडजोड, सलोखा: कोणता शब्द कधी वापरायचा?

१० मे २०२५ रोजी संध्याकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी एक छोटं निवेदन केलं. भारत आणि पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांचं फोनवर बोलणं झालं आहे आणि संध्याकाळी पाच वाजल्यापासून जमिनीवर, हवेत आणि समुद्रात गोळीबार व लष्करी कारवाई थांबवायचं ठरलं आहे, एवढाच त्याचा मथितार्थ. पण ही बातमी घरोघरी पोचेपर्यंत तिला अनेक नावं मिळाली होती. कुणी शस्त्रसंधी म्हणालं, कुणी युद्धबंदी, कुणी युद्धविराम. गप्पांमध्ये तिचा 'समझोता' झाला, 'तह'ही झाला. काहींनी थेट 'माघार' म्हटलं आणि त्यावरून वाद सुरू झाले.

त्यातले बरेचसे वाद टाळता आले असते असं मला वाटतं. भांडण मिटवण्यासाठी मराठीत भरपूर शब्द आहेत आणि बोलताना आपण ते अचूक वापरतो. जाऊबाईंशी 'तह' झाला असं कुणी म्हणत नाही, आणि दोन देशांत 'गोडीगुलाबी' झाली असं कुणी लिहीत नाही. बातम्या वाचताना मात्र ही जाण सुटते. शब्द चुकला की अपेक्षा चुकते. मग जे कुणी कबूलच केलं नव्हतं, ते मोडलं म्हणून आपण संतापतो.

आधी तीन पायऱ्या वेगळ्या करू

एका वाड्यात दोन भाऊ राहतात. सामाईक अंगणावरून त्यांची जुंपली, प्रकरण हातघाईवर आलं, शेजाऱ्यांनी दोघांना धरून बाजूला केलं. त्या क्षणी फक्त मारामारी थांबली. अंगण कुणाचं हे ठरलेलं नाही. महिन्याभराने मामा, दोन जुनेजाणते लोक आणि वकील बसले, कागद झाला: अर्धं अंगण याचं, अर्धं त्याचं, विहीर दोघांची. आता हक्क ठरले, पण वहिनी अजून एकमेकींकडे बघत नाहीत. पुढे कधीतरी एकाच्या मुलीच्या लग्नात दुसरा अक्षता टाकायला येतो, आग्रहाने पंगतीत बसतो. तेव्हा मनं जुळायला लागली.

थांबणं, ठरवणं आणि जुळणं. आपले बहुतेक शब्द यातल्या कुठल्यातरी एका पायरीचे आहेत. पहिल्या पायरीवर युद्धबंदी, शस्त्रसंधी, युद्धविराम. दुसरीवर तह, करार, तडजोड, तोडगा. तिसरीवर सलोखा, दिलजमाई, मनोमिलन. 'समेट' दुसरीवर उभा असतो, पण नजर तिसरीकडे लावून. एक पायरी चढली म्हणजे पुढची आपोआप येते असं मुळीच नाही.

थांबणं: युद्धबंदी आणि शस्त्रसंधी

हे शब्द वर्तमानपत्रांत एकमेकांच्या जागी येतात आणि रोजच्या वाचनासाठी त्यात फारसं बिघडत नाही. बारकाईने पाहिलं तर युद्धबंदी एका फोनवर होऊ शकते, एकतर्फीही जाहीर होऊ शकते. शस्त्रसंधी म्हटलं की अटी आल्या. कौटिल्याने संधीची व्याख्याच 'पणबंध' अशी केली आहे. 'पण' म्हणजे अट, आणि अटींनी बांधलेला तो संधी. (हिंदीत 'युद्धबंदी' म्हणजे युद्धकैदी. हिंदीवरून घाईने मराठी करताना इथे हमखास गफलत होते.)

नाव कुठलंही असो, या पायरीवर मूळ वाद जसाच्या तसा शिल्लक असतो. कोरियाचं उदाहरण सर्वांत लख्ख आहे. २७ जुलै १९५३ रोजी पानमुंजोम इथे शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. युद्ध संपवणारा तह त्यानंतर कधी झालाच नाही. दोन्ही कोरियांच्या सीमेवर आजही जी शांतता आहे, ती त्या शस्त्रसंधीच्या आधारावरची.

आपल्या देशात नागा प्रश्नाकडे बघा. सरकार आणि एनएससीएन या नागा बंडखोर संघटनेचा आयझॅक-मुइवा गट यांच्यात १९९७ मध्ये युद्धबंदी झाली. ३ ऑगस्ट २०१५ रोजी 'आराखडा करार' झाला. आराखडा करार म्हणजे अंतिम करार कोणत्या तत्त्वांवर व्हावा याचा करार. तो झाला त्या दिवशी प्रश्न सुटल्यासारखं वातावरण होतं, पण हा लेख लिहीपर्यंत अंतिम करार झालेला नाही. ज्यांनी 'आराखडा' हा शब्द वाचलाच नाही, त्यांना हा विश्वासघात वाटतो. ज्यांनी वाचला, त्यांना ठाऊक होतं की खरी वाटाघाट अजून पुढेच आहे.

म्हणूनच १० मेच्या निवेदनात जे नव्हतं तेही महत्त्वाचं. त्यात सीमेबद्दल, काश्मीरबद्दल, पाण्याबद्दल एक शब्द नव्हता. त्याला तह म्हणणं चूक, आणि कुणी काही देऊन टाकलं असं म्हणणंही चूक.

ठरवणं: तह, करार, तडजोड, तोडगा

तह राज्याराज्यांत होतो, करार कुणातही होतो. तडजोड म्हणजे दोघांनी थोडं थोडं सोडणं. तोडगा म्हणजे अडलेली गोष्ट हलवणारी युक्ती. त्यात कुणी काही सोडलेलंच असतं असं नाही. संप, उपोषण, जागावाटप अशा बातम्यांत 'तोडगा निघाला' असं येतं ते याच अर्थाने. आणि तोडगा न निघण्याचा आपल्याकडचा सर्वांत दुःखद दाखला म्हणजे मुंबईचा गिरणी संप. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी तो सुरू केला. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. समेट नाही, तोडगा नाही, करार नाही. गिरण्या गेल्या, गिरणगाव पांगलं, आणि भांडण कागदोपत्री उघडंच राहिलं.

तहाबद्दल बोलायचं तर मराठी माणसाला आधी आठवतो पुरंदर. माझ्या मते त्याहून शिकण्यासारखा आहे १७३१ चा वारणेचा तह, कारण तो भाऊबंदकीतून झालेला तह आहे. साताऱ्याचे छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे छत्रपती संभाजी हे चुलतभाऊ, दोघेही शिवाजी महाराजांचे नातू. गादीच्या हक्कावरून साताऱ्याचं आणि कोल्हापूरचं वैर १७०७ पासून धुमसत होतं. १७३० मध्ये वारणेच्या काठी कोल्हापूरकरांचा पराभव झाला. जिंकलेल्या शाहूंना सगळं राज्य गिळता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. कऱ्हाडच्या परिसरात दोघा भावांची समारंभाने भेट झाली आणि १३ एप्रिल १७३१ रोजी तह झाला.

त्याची कलमं बघितली की चांगला तह कसा बांधतात ते कळतं. पहिली गोष्ट, हद्द नदीने ठरवली. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे आला. नदी दोघांनाही दिसते, तिच्यावर वाद घालायला फार जागा उरत नाही. दुसरी, एकाचे नोकर दुसऱ्याने ठेवून घ्यायचे नाहीत. हे वरवर किरकोळ वाटतं, पण एका दरबारात रुसलेला सरदार दुसऱ्या दरबारात जाऊन आग लावतो, हेच तर आधीची वीस-बावीस वर्षं चाललं होतं. तिसरी, एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा शत्रू. म्हणजे फक्त भांडू नका असं नाही, वेळेला मदतीला या. या तहाने कोल्हापूरचं वेगळं राज्य मान्य झालं, आणि ते संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकलं.

अलीकडचं असंच उदाहरण मिझोरामचं. १९६६ साली तिथे सशस्त्र बंड झालं होतं. ३० जून १९८६ रोजी करार झाला, बंडखोर शस्त्रं खाली ठेवून बाहेर आले, त्यांचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोरामला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला. इथेही तेच दिसतं: कोणी काय द्यायचं, कोणी काय सोडायचं, हे स्पष्ट होतं, आणि दिलेला शब्द लवकर प्रत्यक्षात आला.

जुळणं: सलोखा, दिलजमाई, मनोमिलन

ही पायरी कागदावर येत नाही. 'सलोखा' हा ओळखीचा, संथ शब्द आहे: गावात सलोखा असतो, शेजाऱ्यांत असतो, तो 'राखावा' लागतो. 'दिलजमाई' झालेल्या भांडणानंतरच होते. 'मनोमिलन' हा शब्द राजकीय बातम्यांनी इतका वापरला आहे की आता तो कानावर पडला की लोक निवडणुकीची तारीख विचारतात. नेत्यांचं एका व्यासपीठावर येणं ही बहुतेकदा तडजोड असते. तिला तडजोड म्हणण्यात कमीपणा काहीच नाही. तिला मनोमिलन म्हटलं की कार्यकर्त्यांची फसगत होते, कारण ते खरोखर विसरून जायला लागतात.

मुलांकडे या पायरीसाठी सर्वांत सोपे शब्द आहेत, कट्टी आणि गट्टी. मोठ्यांसाठी आपण संक्रांत ठेवली आहे. तिळगूळ हातावर ठेवून 'गोड बोला' म्हणायला वर्षातला एक दिवस मिळतो, आणि ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारात कुठलंही स्पष्टीकरण न देता जाता येतं. कितीतरी घरांतले अबोले असे सुटले आहेत. आधी कोण बोलणार, हा प्रश्नच सण पुसून टाकतो.

माफीशिवाय मनं जुळतात का? दक्षिण आफ्रिकेने हा प्रश्न सगळ्या देशापुढे मांडला. वर्णभेदी राजवट संपल्यावर १९९५ च्या कायद्याने तिथे सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला, अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू. राजकीय हेतूने अत्याचार करणाऱ्याला शिक्षेतून सूट मिळू शकत होती, पण एका अटीवर: केलं ते सगळं उघडपणे सांगायचं. माफी मागण्याची सक्ती नव्हती, सत्य सांगण्याची होती. अनेक पीडित कुटुंबांना हे अपुरं वाटलं आणि त्यांचं वाटणं चुकीचं म्हणता येणार नाही. पण आयोगाच्या नावातच 'सत्य' आधी आणि 'सलोखा' नंतर आहे. हा क्रम मला पटतो.

मध्ये पडणारा काय करतो?

मध्यस्थ, पंच आणि लवाद यांची आपण सरमिसळ करतो. मध्यस्थ निकाल देत नाही. दोघांना बोलतं करतो, आणि मान्य करणं न करणं त्यांच्या हातात राहतं. लवाद निकाल देतो आणि तो बंधनकारक असतो. पंच या दोहोंच्या मधला, गावच्या मानाने वजन असलेला. मराठेशाहीत गोतसभा बसायची, वतनदार, बलुतेदार, भाऊबंद जमायचे आणि निवाडा झाला की 'महजर', म्हणजे निवाड्याचा कागद, लिहून त्यावर सगळ्यांच्या निशाण्या पडायच्या. जितके साक्षी, तितकं मोडणं अवघड.

'शिष्टाई' हा आणखी वेगळा शब्द. एका बाजूचा दूत म्हणून जाऊन शहाणपणाचं बोलणं म्हणजे शिष्टाई. कृष्ण पांडवांच्या वतीने गेला होता, पाच गावांवर भागवायला तयार होता, तरी शिष्टाई फळाला आली नाही. म्हणून बातमीत 'अमुक यांची शिष्टाई' वाचलं तर समेट झाला असं समजू नये.

मध्ये पडणारा जामीनही राहिला तर करार भक्कम होतो. १७८२ च्या सालबाईच्या तहात महादजी शिंद्यांनी पुणे दरबार आणि इंग्रज यांच्यात मध्यस्थी केली आणि तहाच्या अंमलाची हमीही घेतली. त्यानंतर सुमारे वीस वर्षं मराठे आणि इंग्रज यांच्यात मोठं युद्ध झालं नाही.

तडजोड म्हणजे हार नाही का?

ही शंका जवळजवळ प्रत्येक घरात असते. 'नमतं घेणं', 'पडतं घेणं' हे शब्दच मान खाली घालायला लावणारे आहेत. इथे पुरंदरची आठवण काढावीच लागते. जून १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी मिर्झाराजे जयसिंगांशी तह करून २३ किल्ले दिले आणि १२ ठेवले. त्या दिवशी तो तोट्याचाच व्यवहार होता. पण सैन्य वाचलं, रयत वाचली, राज्य टिकलं. १६७० पासून किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली, पहिल्या काही महिन्यांतच कोंढाणा आला. पुढच्यासाठी हातात काय उरतं, यावरून तडजोडीची पारख करावी.

याच्या उलट वसईचा तह. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने तो इंग्रजांशी केला आणि गादी परत मिळवली, पण तैनाती फौज स्वीकारून पुढचे निर्णय घेण्याची मुभाच घालवली. किल्ले दिले तर परत घेता येतात. निर्णयाचा हक्क दिला की तो परत मागण्याचाही हक्क जातो.

'समजून घे' कुणाला सांगितलं जातं?

या विषयातली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट ही आहे. घरात भांडण झालं की 'झालं गेलं गंगेला मिळालं', 'तुटेपर्यंत ताणू नये' ही वाक्यं नेमकी कुणाकडे बघून म्हटली जातात? सुनेकडे, धाकट्याकडे, कूळ असेल त्याच्याकडे, ज्याच्याकडे जायला दुसरी जागा नाही त्याच्याकडे. एकानेच सगळं सोडलं तर तिला तडजोड हे नाव शोभत नाही. ती मुस्कटदाबी आहे, आणि तिच्यावर सलोख्याची शाल पांघरली जाते.

१९३२ चा पुणे करार या प्रश्नाचं मोठं रूप आहे. अस्पृश्यांना मिळालेल्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात आमरण उपोषण सुरू केलं, आणि त्यांच्या प्राणांच्या दडपणाखाली डॉ. आंबेडकरांना वाटाघाटी कराव्या लागल्या. २४ सप्टेंबरला करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले. डॉ. आंबेडकरांनी पुढे या करारावर जाहीरपणे कठोर टीका केली. सही होती, समाधान नव्हतं. इतिहासाने याला 'करार' हेच नाव दिलं, 'समेट' नाही, हे योग्यच झालं.

आपल्या बोलीलाही दबावाचा वास येतो. भांडण 'मिटलं' म्हटलं की बरं वाटतं. प्रकरण 'मिटवलं' म्हटलं की कान टवकारतात. आणि 'मांडवली झाली' म्हटलं की कुणीतरी पैसे किंवा धाक वापरला हे न सांगता कळतं.

कायद्यानेही इथे रेघ ओढली आहे. साधी दुखापत, बदनामी असे काही गुन्हे दोन्ही पक्षांना आपसात मिटवता येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये त्यांची यादी आहे, काहींना न्यायालयाची परवानगी लागते. खून, बलात्कार त्या यादीत नाहीत. 'गावात मिटवून टाकू' असं कुणी अशा गुन्ह्याबद्दल म्हणत असेल, तर त्याला तसा अधिकारच नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतल्या समित्यांनाही तो नव्हता.

मिटलं, पण लिहिलं का?

तोंडी समेट पुढच्या पिढीत टिकत नाही. न्यायालयात दावा चालू असेल तर दोन्ही पक्ष सही करून 'तडजोड पुरशिस' देतात. पुरशिस म्हणजे न्यायालयापुढे दिलेलं लेखी निवेदन. त्यावरून हुकूमनामा होतो. लोकअदालतीत हेच आणखी सुटसुटीत होतं. पॅनेलवर साधारणपणे एक न्यायाधीश, एक वकील आणि एक सामाजिक कार्यकर्ता असतो. दोघांना समोर बसवून मजकूर वाचून दाखवतात आणि विचारतात, 'मान्य आहे ना? कुणाचा दबाव नाही ना?' तिथे संकोच करू नये. कारण लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. सही करण्याआधी रक्कम, तारीख, ताबा कधी द्यायचा, आणि दिला नाही तर काय, हे चारही मुद्दे कागदावर आहेत का ते बघावं. दाव्यासाठी भरलेलं न्यायालयीन शुल्क परत मिळतं, तेही मागून घ्यावं.

शेतकऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये जी योजना आणली, तिचं नावच 'सलोखा'. सातबारा एकाच्या नावावर आणि प्रत्यक्ष कसतो दुसरा, तर दुसऱ्याच्या जमिनीवर पहिला, अशी अदलाबदल कित्येक गावांत जुनी आहे आणि तिच्यापायी पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात. असा ताबा किमान बारा वर्षं असेल आणि दोघेही राजी असतील, तर अदलाबदलीच्या दस्तासाठी फक्त हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी अशी सवलत या योजनेत ठेवली. त्याआधी तलाठी आणि मंडळ अधिकारी जागेवर येऊन पंचनामा करतात. योजना ठरावीक मुदतीची आहे, त्यामुळे ती सध्या चालू आहे का ते तलाठ्याकडे विचारून मगच दस्ताची तयारी करावी.